हा शेरा तुमचा का?

६ नोव्हेंबर, लाभपाचम

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज मुहूर्ताने ऑफिस उघडलं. सर्व्हरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, प्रत्येक कीबोर्डवर झेंडूची पाकळी आणि मगनभाईंच्या हातचा पेंडा. मगनभाई आमचे मालक. सुरतजवळ पलसाणा आणि सचिन या गावांतल्या रंगाई मिलना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो: कुठल्या लॉटला कुठला रंग, किती ग्रॅम, किती वेळ. ही डायरीसुद्धा एका रंगवाल्याने दिवाळीला दिलेली. पानाच्या कोपऱ्यात रंगाचा डबा छापलाय. दिवसभर गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलून तोंड दुखतं, तेव्हा निदान इथे मराठीत भांडून घ्यावं म्हणते.

मगनभाईंनी नवी योजना जाहीर केली, नाव 'सखी'. ऑफिसातली प्रत्येक अनुभवी बाई एका नव्या मुलीला सहा महिने सांभाळणार, शिकवणार आणि शेवटी तिच्याबद्दल एक पान अहवाल लिहिणार. अहवाल चांगला तर मुलगी पक्की. जोरात टाळ्या झाल्या. आता प्रोग्रामिंगकडे अनुभवी बायका किती, तर मी एक. वय चव्वेचाळीस. बाकीच्यांच्या लग्नपत्रिका आणि बारशाचे पेढे माझ्या टेबलावर आले आणि मागोमाग त्या गेल्या.

माझ्या वाट्याला धनश्री आली आहे. तेवीस वर्षांची, लिंबायतला राहते. वडील उखा, पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंग कालवतात. आई शोभाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. मूळचे दोंडाईच्याकडचे. घराण्यात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच.

मला आनंद झालाय, उगाच लपवत नाही. मी मास्तरांची मुलगी. अण्णा महापालिकेच्या मराठी शाळेत होते. साठ-साठ वह्या घरी आणत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मगच खाली लाल शाईने 'पाहिले' लिहून सही करत. आई म्हणायची, कोण बघतंय एवढं? अण्णा म्हणायचे, पोर बघतं. शिकवणं माझ्या रक्तातच आहे.

१९ नोव्हेंबर

पोरगी हुशार आहे, पण गोगलगाय. ऑफिसने सगळ्यांना एआय दिलाय. त्याला आम्ही 'सहायक' म्हणतो. काय हवं ते सांगावं, तो कोड लिहून देतो, तपासून देतो, पत्रंसुद्धा लिहितो. ही बाई त्याच्याकडून कोड घेते, कागदावर छापते आणि शिसपेन्सिल घेऊन लांबड्या वहीत ओळ अन् ओळ सोडवत बसते. आमचा मॅनेजर हर्षल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शैलजाबेन, ही वहीत लोणचं घालते का?"

मी तिला जवळ बसवून सांगितलं, "अगं, यंत्र आहे तर हाताने कशाला? बाई दुप्पट पळते तेव्हा कुठे पुरुषाच्या बरोबर दिसते."

"ते लिहितं चांगलं, मॅडम," ती म्हणाली. "पण ते कधी मिलमध्ये गेलेलं नाही ना. म्हणून एकदा बघून घेते."

संध्याकाळी तिच्या कामावरचे माझे शेरे पाठवले. पाच मिनिटांत वही घेऊन हजर.

"मॅडम, हा शेरा तुमचा का त्याचा?"

"काय फरक पडतो?"

"तुमचा असला तर तसंच करते. त्याचा असला तर तपासून करते."

मी म्हटलं, माझा. खरं तर तो सहायकाने काढून दिलेला होता, मी नुसता पुढे ढकलला होता. पण तेवीस वर्षांच्या मुलीने उलटतपासणी घ्यावी आणि मी ती द्यावी, एवढे काही वाईट दिवस आले नाहीत. तिने वहीत काहीतरी टिपलं आणि गेली.

५ डिसेंबर

डबा खाताना आज तिने पोटातलं सांगितलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, मला अर्धी दिली. म्हणाली, "मॅडम, पप्पांनी आखाजीपर्यंत वेळ दिलाय. तोवर कंपनीने पक्कं केलं तर नोकरी करायची. नाही केलं तर दोंडाईच्याचं स्थळ आहे. पोरगा चांगला आहे तसा. पण ते म्हणतात, लग्नानंतर सुरत नाही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तो लेकींचा सण, सासरहून पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. हिचं सासर मात्र आखाजीलाच ठरायचंय. यंदा ती तीस एप्रिलला आहे आणि पक्क्या होणाऱ्यांची यादी एप्रिलच्या मध्यात लागते. म्हणजे सगळं माझ्या एका कागदावर.

वडील वाईट नाहीत, ती दहादा म्हणाली. पाठीवर अजून दोन बहिणी आहेत. साडेसहाला ऑफिस सोडावं लागतं, कारण लिंबायतची शेअर रिक्षा नंतर मिळत नाही. महिन्यातले दोन दिवस पोटात इतकं दुखतं की गोळी खाऊन बसते, ते कुणाला सांगू नका म्हणाली.

मला माझं आठवलं. सौरभ झाल्यावर दोन वर्षं घरी होते. परत आले तेव्हा ज्या हर्षलला मी पहिली ओळ लिहायला शिकवली होती तो माझ्या वर बसला होता. कुणी हात दिला नाही. भाकरीचा तुकडा उगाच तोडत बसले. या मुलीला मी पक्की करणार म्हणजे करणार.

६ डिसेंबर

या मुलीसाठी काय काय करता येईल याचा विचार काल रात्री विजयना सांगायला गेले तर ते बँकेतून येऊन बातम्या बघत होते. "हं" म्हणाले. दोनदा "हं".

मग आज ऑफिसात सहायकाला विचारलं. सगळं लिहिलं: आखाजी, दोंडाईचा, साडेसहाची रिक्षा, पोटाचं दुखणं, वहीचं वेड. या मुलीला कशी मदत करू? किती समजून उत्तर दिलं त्याने! एकेक मुद्दा, शांतपणे, माझंसुद्धा कौतुक करून. नवऱ्यापेक्षा बरं ऐकतं. आता तिच्याबद्दलचं सगळं तिथे एकाच धाग्यात लिहीत जाणार. धाग्याला नाव दिलंय 'धनश्री'.

१६ जानेवारी

उत्तरायण झालं. उंधियूने पोट जड आणि मांज्याने सौरभचं बोट कापलं. बारावी आहे, पतंग नको म्हटलं होतं.

धनश्रीचं चांगलं चाललंय. तिचे प्रश्न येतात ते मी धाग्यात टाकते, उत्तर आलं की तिला पाठवते. माझा वेळ वाचतो, तिला उत्तर मिळतं. पूर्वी दिवसातून चारदा वही घेऊन टेबलाशी उभी राहायची. आता येतच नाही. स्वतःच्या पायावर उभी राहायला लागली. योजना फळाला येतेय म्हणायची.

हर्षल मात्र अजून एसीच्या खोलीतून हुकूम सोडतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? माणसाजवळ जाऊन शिकवावं लागतं.

१२ फेब्रुवारी

डोकं उठलंय. पलसाण्याच्या मिलला आज रिडायचा भाग द्यायचा होता. एखाद्या लॉटचा रंग फिका आला की कापड परत रंगवतात, त्याला रिडाय म्हणतात. कोड सहायकाने लिहिलाय, चाचण्याही त्यानेच लिहिल्यात, सगळ्या पास. धनश्रीने फक्त 'तपासले' वर खूण करायची होती. बसून राहिली.

"मॅडम, हा रिडायला परत पूर्ण रंग मोजतो. कापडावर पहिला रंग असतोच ना? उरलेलाच द्यायला पाहिजे. पप्पांना जेवताना विचारलं. ते हसायलाच लागले."

"तुझे पप्पा प्रोग्रामर आहेत का?" बोलून गेले. तिचं तोंड एवढंसं झालं.

हर्षलने मिलला शब्द दिलेला. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बेन, तुमच्या सखीला सांगा, अहीं परीक्षा नथी चालती." मी धाग्यात भडाभडा ओतलं: हट्टी आहे, गती नाही, तिच्यामुळे दोन दिवस उशीर होणार, मला सगळ्यांत मान खाली घालावी लागली. लिहिल्यावर बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

धनश्रीचं बरोबर निघालं. तसंच गेलं असतं तर पहिल्याच आठवड्यात गुलाबी साड्यांचा गठ्ठा वांग्याच्या रंगाचा झाला असता. तिने दोन दिवसांत हाताने गणित मांडून दुरुस्त केलं.

मिलवाल्यांसमोर हर्षल म्हणाला, "अमारी टीमे पकडी लीधुं." म्हणजे आमच्या टीमने पकडलं. मी तिचं नाव घेणार होते. पण नाव घेतलं असतं तर हर्षल दुखावला असता आणि एप्रिलमध्ये त्याचंही मत लागतंच. शहाणपणाने घेतलेलं बरं. धनश्री मागच्या खुर्चीत वही मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडेच बघत होती. तिला नंतर कॅडबरी दिली.

धाग्यात मात्र हे लिहायचं राहून गेलं. राग आला की हात चालतो माझा.

२८ मार्च

मार्चअखेर, त्यात सौरभच्या पुढच्या परीक्षा. घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही.

अश्विनीचा फोन आला, सहा महिने भरायचे असले तरी अहवाल आजच हवा. अश्विनी म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा हे सगळं बघणारी. मी सहायकाला म्हटलं, या धाग्यात सगळं आहेच, त्यावरून धनश्रीचा सहा महिन्यांचा अहवाल लिही, एक पान, इंग्रजीत, संतुलित. अर्ध्या मिनिटात हजर. पहिला परिच्छेद वाचला: अत्यंत प्रामाणिक, तपशिलाकडे बारीक लक्ष, शिकण्याची तयारी. डोळ्यांत पाणी आलं. मला हेच म्हणायचं होतं, फक्त इतक्या छान भाषेत जमलं नसतं. सही केली, पाठवून दिला. सगळं दहा मिनिटांत.

धनश्री जाताना विचारत होती, "मॅडम, माझं लिहिलंत?" मी म्हटलं, "मनापासून."

१६ एप्रिल

यादी लागली. धनश्रीचं नाव नाही.

दोनदा वाचली, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली. हर्षलचाच हात असणार. फेब्रुवारीचा दोन दिवसांचा राग त्याने असा काढला. मी थेट त्याच्या खोलीत गेले, दारही वाजवलं नाही. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बायकांची योजना काढायची, फोटो काढायचे आणि वेळ आली की कापायचं, असं बरंच.

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "शैलजाबेन, मी तर एक अक्षर पण नाही लिहिलं. तुमच्या अहवालावरच झालंय. तुमचीच सही छे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. उद्या अश्विनीकडून तो कागद काढून त्याच्या तोंडावर टाकते.

१७ एप्रिल

कागद काढला.

पहिला परिच्छेद तोच, छान. दुसरा मी त्या दिवशी वाचला नव्हता. मराठीत लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही.

'कामाची गती अपेक्षेपेक्षा कमी. फेब्रुवारीत तिच्यामुळे दोन दिवसांचा उशीर. साडेसहानंतर थांबण्यास कौटुंबिक मर्यादा. दरमहा काही दिवस प्रकृतीच्या कारणाने कार्यक्षमता कमी राहण्याची शक्यता. येत्या काही महिन्यांत विवाह व स्थलांतर संभवते, त्यामुळे दीर्घकाळ उपलब्धतेबद्दल अनिश्चितता.'

खाली माझी सही. स्पष्ट, वळणदार.

यातलं एकही वाक्य त्याने पदरचं घातलेलं नाही. सगळं मीच सांगितलेलं. तिने भाकरी मोडून मला दिली आणि जे सांगितलं ते मी दुसऱ्या दिवशी तिथे नेऊन ओतलं. संतुलित लिही म्हटलं, त्याने संतुलित लिहिलं. चौदा फेब्रुवारीला ती बरोबर निघाली हे मी कळवलंच नव्हतं, मग ते येणार कुठून?

अण्णा साठ वह्या वाचायचे. मला एक पान वाचवलं नाही. आज जेवले नाही. विजय म्हणाले, पित्त झालं असेल.

२१ एप्रिल

आज धनश्री आली. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, हातात वही आणि अश्विनीने दिलेली अहवालाची प्रत. उभीच राहिली. रडलेली होती, पण इथे रडली नाही.

"मॅडम, एकच विचारायचं होतं. हा शेरा तुमचा का त्याचा?"

मला दोन्ही उत्तरं दिसत होती. त्याचा म्हटलं तर ती पुढे विचारणार, मग तुम्ही वाचला नव्हता? आणि ते ऐकायला हर्षल चार हातांवर बसलेला. मी अठरा वर्षं या खुर्चीसाठी घासले आहेत. न वाचता सही करणारी बाई, हे एकदा चिकटलं की निघायचं नाही.

"माझा," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं, आता विचारेल की आखाजीचं तुम्ही कसं लिहिलंत. पण ती म्हणाली, "मग ठीक आहे, मॅडम. मला वाटलं, कुणी वाचलंच नसेल माझं काम. तुम्ही सहा महिने बघून लिहिलं असेल तर कमी असेलच काहीतरी माझ्यात. पप्पांनाही तसंच सांगते."

खुर्चीवर वही ठेवून तिने त्यात दोन शब्द लिहिले. मग वाकून माझ्या पाया पडली, सगळ्या ऑफिससमोर. हर्षलने मान फिरवली. मला पाय मागेसुद्धा घेता आले नाहीत.

२४ एप्रिल

तीन दिवस लागले मला. आज मगनभाईंकडे गेले आणि सांगितलं. अहवाल सहायकाने लिहिला, मी न वाचता सही केली, मुलीने खाजगीत सांगितलेलं त्यात आलं, चूक माझी आहे, अहवाल मागे घ्या.

मगनभाई मोठ्या मनाचे आहेत, ओरडले नाहीत. चहा मागवला. मग म्हणाले, "पण बेन, एमां खोटुं शुं छे? लग्न होणार नाही? साडा छ वाग्ये जाती नथी?"

"खोटं काही नाही. पण ते कामाचं नाही. रिडायची चूक तिने पकडली, ते कुठे आहे यात?"

"ते तुम्ही तेव्हा का नाही बोलल्या?"

मी चहाचा कप बाजूला सारला. ते म्हणाले, पत्रं गेलीत, जागा भरली. तुमची ही सही खोटी म्हटली तर तुमच्या बाकीच्या सह्यांचं काय करू? "रेवा दो ने, बेन." राहू द्या म्हणे. आणि दाराशी गेल्यावर म्हणाले, 'सखी'चं पुढच्या वर्षी बघू, अशा गोष्टीत बायकांनाच त्रास होतो.

म्हणजे तेही माझ्या हातून गेलं. पुढे येणाऱ्या मुलीला आता तेही नसेल.

२७ एप्रिल, रविवार

लिंबायतला गेले. विजय सोडतो म्हणाले, मी नको म्हटलं. गल्लीत लूमचा आवाज, रविवारीसुद्धा. एका खोलीचं घर, कोपऱ्यात टिकल्या लावलेल्या साड्यांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात बांधलेल्या पिशव्या. उद्या उधन्याहून गाडीने गावाला निघायचंय.

शोभाबाईंनी लगबगीने चटई टाकली. "या ना बाई, बठा. च्या ठेवस." धनश्री चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

उखाभाऊ समोर बसले. नखांत निळा रंग, धुऊन न जाणारा. मी सगळं बोलायचं ठरवून गेले होते, पण तेच आधी बोलले.

"बाई, आम्हले राग नही. पोरनी सांगं, मॅडमनी सोता वाचीसन लिखं. मोठा मानूस वाचीसन लिखस, तर ते खरंच व्हई ना? तुम्हीन तिले सहा महिना शिकाडं, तेच खूप शे." मग म्हणाले, "मी तिले इचारं बी, मशीननी तर नही लिखं? आमना मिलमा बी आते मशीन शे, कव्हय बी चुकस. मशीननी लिखेल राहतं, तर मी दोंडाईचावालासले सांगतू, थांबा, आखो सहा महिना देखूत. पन पोर म्हने, नही, मॅडमनीच लिखं."

मी चहा अर्धाच ठेवून उठले.

निघताना धनश्री जिन्याखालपर्यंत सोडायला आली. तिथे मी तिला सांगितलं, सगळं, भाकरीच्या दिवसापासून. तो शेरा माझा नव्हता. मी वाचला नव्हता. चल, आत्ता वर जाऊन तुझ्या पप्पांना सांगते.

तिने माझं मनगट धरलं. त्या दिवशी पाया पडली तेवढं सोडलं तर सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने मला हात लावला. "नका, मॅडम. काल ते लोक येऊन गेले. सुपारी फुटली. आता सांगून पप्पांना फक्त झोप येणार नाही."

काल. मी सोमवारी खोटं बोलले, गुरुवारी मगनभाईंकडे गेले आणि रविवार होता म्हणून आज इथे आले.

"तेव्हा तुम्ही 'माझा' म्हणालात ना," ती म्हणाली, "त्यावर मी आठवडा काढला. निदान तुम्ही बघितलं होतं असं वाटत होतं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

वर जाऊन ती वही घेऊन आली. मागचं पान उघडलं, पेन्सिलीने एक ओळ खोडली आणि वही माझ्या हातात दिली. "ही तुम्ही ठेवा. रिडायचं गणित आहे यात, पुढच्याला लागेल. तिकडे मला काही काम नाही हिचं."

३० एप्रिल, आखाजी

रजा घेतली. आज तिकडे झोके बांधले असतील.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आहेत. एकावर लिहिलंय 'त्याचा', दुसऱ्यावर 'मॅडम'. तारीख घालून प्रत्येक शेरा कुणाचा ते तिने लिहून ठेवलंय. त्याच्या रकान्याची तीन पानं भरली आहेत. माझ्या रकान्यात अकरा ओळी. जानेवारीनंतर एकच, एकवीस एप्रिलची, ती खोडलेली. उरलेल्या दहांपैकी चारच खऱ्या माझ्या आहेत. बाकीच्या सहा तिने माझ्या शब्दावर तिकडून इकडे घेतल्या आहेत.

दुपारी हर्षलचा फोन आला. सचिनच्या मिलला रिडायमध्ये दोन रंगांचं मिश्रण आहे, आकडे जुळत नाहीत, तो भाग कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, बघते.

जेवणाचं टेबल पुसलं आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. बारीक, गोल अक्षर. मध्येच मला विचारायच्या प्रश्नांपुढे छोटी फुली केली आहे. विचारून झाल्यावर फुलीला गोल. जानेवारीनंतर फुल्या आहेत, गोल नाहीत. ती येत नव्हती तेव्हा प्रश्न संपलेले नव्हते.

चार वाजता रिडायच्या गणितापाशी आले. दोन रंगांचं उदाहरण तिने घेतलेलं आहे, वडिलांना विचारून. शेजारी लिहिलंय, 'पप्पा: आधी निळा बघायचा.' मी पेन्सिल घेऊन तिच्यामागून एकेक पायरी सोडवू लागले. चौथ्या पायरीला अडले. दोनदा पहिल्यापासून केलं. तिथेच येऊन अडते. अठरा वर्षं हेच काम करते आहे मी.

विजय चहा घेऊन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "एवढी काय डोकेफोड? त्याला विचार ना." लॅपटॉप समोरच होता. मी तो बंद करून आतल्या खोलीत ठेवून आले.

पानाच्या तळाशी तिने एक रेघ मारून ठेवली आहे आणि रेघेखाली जागा सोडली आहे. प्रत्येक पानावर सोडली आहे. कुणीतरी तपासून सही करावी म्हणून असणार. मी लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

चौथी पायरी अजून कळलेली नाही. सही केली नाही.